आवाज विकणे आहे

अनुपमा : थांबा, थांबा. हे कोण बोललं?

अख्तरी : कोन म्हंजे? हेच बोलले. तुह्या समोर खुर्चीत बसून राह्यले ना.

अनुपमा : चाची, पण कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये चाचांची आवाजाची पेटीच काढली होती ना नागपूरला? दवाखान्यातून आणलं तेव्हा मी घरी आले होते. पाटीवर खडूनं लिहून बोलत होते ते.

गफ्फार : तोच मी! गफ्फारभाई! नांदुऱ्याचे भोंगेवाले! ओळखले नाही काय, वकीलबाई!

अनुपमा : अगं बाई. तोच आवाज. हुबेहूब तोच! लहानपणी गाडी गल्लीत शिरली की आम्ही मागं पळायचो, तोच. माझ्या अंगावर काटा आला बघा.

अख्तरी : घाबरू नको. हे फोनवर बोटानं लिवतात आन फोन बोलते. आमच्या नाजिशनं केलं. पुन्याले नोकरी करते ना ती. जाहिरातीच्या जुन्या कॅसेटी होत्या, पेन ड्राइव्ह होते, ते सारे तिनं त्या एआयले ऐकवले. म्हने, अम्मी, मशीन अब्बांचा आवाज शिकून राह्यली. मले वाटलं पोट्टी मजाक करते. आन एक दिवस फोन बोलला. माह्या हाताले कनीक लागली होती, मी तशीच जमिनीवर बसली.

अनुपमा : काय जादू आहे ही!

अख्तरी : जादूच हाये. पन त्यानं ऐकलं काय? साड्यांचा सेल आन बियान्याचं दुकान. मंग तेच शिकलं. आता काही बी लिवा, ते दवंडीच देते. परवा जेवताना ह्यायनं लिवलं, भाजीत मीठ कमी हाये. फोन कसा बोलला, ऐकवा हो तिले.

गफ्फार : आजच्या भाजीत! मीठ कमी आहे!

अख्तरी : साऱ्या गल्लीले समजलं. शेजारची मंजुळाबाई वाटीत मीठ घेऊन आली.

अनुपमा : चाची, माझं पोट दुखलं हसून.

अख्तरी : हास. मी बी हासली. पन बेटा, घरातलं ह्यायचं बोलनं येगळं होतं. दिवसभर भोंग्यात ओरडून आलेला मानूस, घरी आला का एकदम हळू बोले. मले ऐकू येईल येवढंच. ते कोन्या कॅसेटीत हाये? कोन्याच नाई.

गफ्फार : कामाचे बोला! कंपनीचे साहेब संध्याकाळच्या गाडीने येत आहेत! सही कुठे करायची, तेवढे सांग, बेटा!

अनुपमा : कोणती कंपनी?

अख्तरी : पुन्याची. नाजिशनं ह्यायचा व्हिडिओ टाकला होता, तो त्यायनं पाह्यला. म्हनतात, गफ्फारभाईचा आवाज आमाले द्या, साऱ्या विदर्भातल्या दुकानाच्या जाहिराती त्याच्यात करू. पैसा चांगला देऊन राह्यले. हा घे कागद. इंग्रजीत हाये.

अनुपमा : केवढा मोठा करार आहे हा! बरं, थांबा. माझ्याकडं पण एक मशीन आहे, कागद वाचणारं. त्याला पानं दाखवते आणि विचारते, सही केल्यावर चाचांच्या हातात काय उरतं, मराठीत सांग. तोवर चहा सांगू?

अख्तरी : सांग. साखर कमी.

अनुपमा : चहा सांगितला, पण त्याच्या आधी उत्तर आलंसुद्धा! चाची, वकिली सुरू केली तेव्हा एवढं वाचायला माझे दोन दिवस गेले असते. रोज वापरते, तरी रोज तोंडात बोट जातं.

अख्तरी : काय म्हनते ते?

अनुपमा : म्हणतंय, हा आवाज कायमचा कंपनीचा. दुसऱ्या कोणासाठी वापरायचा नाही. आणि पुढं... नाही, हे मी स्वतः पान काढून बघते. मशीन कधी कधी ठोकून देतं. माझ्या ओळखीच्या एका वकिलानं मशीननं सांगितलेले निकाल न तपासता कोर्टापुढं ठेवले, आणि तसले निकाल कोणी दिलेच नव्हते. सगळ्यांसमोर फजिती झाली. हं. आहे. इथं बारीक अक्षरात आहे. 'आवाजाच्या खाजगी वापरासाठीही कंपनीची लेखी परवानगी आवश्यक.'

अख्तरी : म्हंजे काय?

अनुपमा : म्हणजे भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं असेल, तर चाचांनी आधी पुण्याला विचारायचं.

अख्तरी : घरात? माह्याशी बोलाले?

अनुपमा : घरात. तुमच्याशी.

अख्तरी : असा कायदा असते काय बेटा? मानसाचा आवाज मानसाचा नसते?

अनुपमा : असायला पाहिजे. मोठ्या गायकांचे, नटांचे आवाज मशीननं उचलले, तेव्हा हायकोर्टानं थांबवलं. त्यांचा आवाज त्यांचाच, असं सांगितलं. पण ती नावाजलेली माणसं. नांदुऱ्यातल्या भोंगेवाल्याचा आवाज कोणाचा, यावर मला तरी कुठं काही सापडणार नाही. मशीन एसटीत बसून निघून गेलं आणि कायदा अजून फाट्यावर हात दाखवत उभा आहे, असं झालंय. म्हणून या कागदावर जे लिहू, तोच आपला कायदा. चाचा, आहे त्या कागदावर सही करू नका.

गफ्फार : करणार!

अख्तरी : पाह्य. सकाळपासून असंच. ऐकत नाई कोनाचं.

अनुपमा : काऊन पण चाचा?

गफ्फार : ऑपरेशनपासून धंदा बंद आहे! गाडी उभी आहे! उंदीर वायर खाऊन राह्यले! मले पुन्हा गावोगाव वाजायचे आहे! शेगाव, चिखली, मलकापूर! आणि हा आवाज माझा नाही! हा धंद्याचा आहे! धंद्याले विकू द्या!

अनुपमा : तुमचा नाही म्हणजे? मी आत्ता डोळे मिटून ऐकला असता तर...

गफ्फार : अख्तरी! तिले मोतीराम सेठचे सांग!

अख्तरी : सांगते. बेटा, गावात कोनी गेलं, हिंदू असो का मुसलमान, ऐलान हेच करत. तुले माहीत हाये.

अनुपमा : पैसा घेत नसत, हेही माहीत आहे.

अख्तरी : आन ते टेपात भरत नसत कधी. सेलची जाहिरात एकदा भरली का दिवसभर वाजे. पन मय्यतीचं ऐलान हे गाडीत बसून तोंडानंच करत. दर चौकात थांबून, नव्यानं. म्हनत, मेलेल्याचं नाव शिळं घेऊ नये.

अनुपमा : आमच्या आजोबांचं चाचांनीच केलं होतं. मी शाळेतून येत होते. घरी पोचायच्या आधी, तिथंच रस्त्यात मला कळलं. पण घाबरले नाही मी. कोणीतरी डोक्यावर हात ठेवून सांगितल्यासारखं वाटलं.

अख्तरी : तेच. मांगच्या महिन्यात मोतीराम सेठ वारले, अडतवाले. त्यायचा लेक प्रेम घरी आला. म्हने, चाचा, ऐकलं का तुमचा आवाज वापस आला, बाबाचं ऐलान तुमीच करा. ह्यायले काय खुशी झाली सांगू! गाडी पुसली, भोंगे बांधले, मेकॅनिक बलावून वायरी जोडल्या. फोन भोंग्याले जोडला आन चौकात बटन दाबलं.

अनुपमा : मग?

अख्तरी : साड्यांचा सेल लागावा तसे सेठ मेले, बेटा. लोकं हासले. कोनाच्या मनात नव्हतं, पन हासू आलं. प्रेम तिथंच उभा होता. मान खाली घालून घरी गेला. त्या दिवसापासून गाडीले हात लावला नाई ह्यायनं.

गफ्फार : तो आवाज नागपूरले टेबलावर मेला! हा उरला! उरलेला माल विकतो! त्यात काय चुकले!

अनुपमा : चाचा, ओरडू नका. म्हणजे, तुम्ही ओरडत नाही, कळतंय मला. फोन द्या जरा इकडं. नाजिशनं हे जे केलंय, त्यात ही एक जागा दिसते बघा. 'कसं बोलायचं ते इथं लिहा.' आणि तिनं लिहिलंय, 'जाहिरात.' बस, एवढंच.

अख्तरी : हाव, ती व्हिडिओवर काहीतरी सांगत होती ते बदलाचं. आमाले काही उमजलं नाई.

अनुपमा : बदलून बघू?

(गफ्फार हातानंच 'नको' म्हणतात.)

अख्तरी : पाहू द्या हो तिले. चौकात थोडी करून राह्यली.

अनुपमा : 'दुःखानं बोल' असं लिहिते. आणि नाव आमच्या आजोबांचं घालते. नाहीतर उगाच जित्या माणसाचं कशाला. हं, ऐका.

फोन : नांदुऱ्याच्या सर्व लोकांना... कळवण्यात येतं... सहदेव... किसन... बोचरे...

अख्तरी : बंद कर, बंद कर! हे तर सिरियलीतल्या सासूसारखं हुंदके देऊन राह्यलं. हे कधी रडले नाई ऐलानात.

अनुपमा : बरं. 'गंभीरपणे बोल.'

फोन : नांदुऱ्याच्या सर्व लोकांना कळवण्यात येतं की, सहदेव किसन बोचरे यांचं आज निधन झालं.

अख्तरी : आता मंत्री मेला.

अनुपमा : मग कसं बोलायचे चाची? नीट आठवून सांगा.

अख्तरी : आठवाचं काय त्याच्यात. मानूस सांगाले आला का हे पहिले त्याले पूर्न नाव विचारून घेत. मंग आत चुलीपाशी येत. आन ते नाव एकदा मले म्हनून दाखवत.

अनुपमा : तुम्हाला? कशाला?

अख्तरी : बराबर येऊन राह्यलं का पाहाले. बाहेर गावासमोर अडखळू नये म्हनून. हिंदूचं असो, मारवाड्याचं असो, पहिले मले म्हनत. मी मान हालवली का गाडी काढत. गावात कोन गेलं, ते मी गावाच्या पहिले ऐको.

अनुपमा : एवढी वर्षं मी या गल्लीत वाढले, मला हे माहीतच नव्हतं.

अख्तरी : कोनाले माहीत असन? ते आमचं दोघाचं होतं.

अनुपमा : म्हणजे आमच्या आजोबांचं नावसुद्धा...

अख्तरी : हाव. भाकर थापून राह्यली होती मी. हे दारात टेकले आन म्हनले, सहदेव किसन बोचरे. मी तवा उतरून ठेवला.

अनुपमा : चाची, तुम्ही सांगा. नाव कसं म्हणायचे ते सांगा, मी जसंच्या तसं लिहिते. तुमच्याच बोलीत.

अख्तरी : त्या मशीनले माही बोली समजन काय? ते इंग्रजी वाचनारं.

अनुपमा : समजेल का, मलाही माहीत नाही. सांगा तर.

अख्तरी : मंग लिव. घाई करू नको. पहिले दम सोड, मंग बोल. लिवलं?

अनुपमा : लिहिलं.

अख्तरी : भोंग्यात बोलू नको. समोर एक बाई बसली हाये, तिले सांग. तिच्या मांडीवर लेकरू झोपलं हाये, ते उठाले नाई पाह्यजे. आन नाव असं घे, का तो मानूस अजून घरातच हाये आन आयकून राह्यला. बस. येवढंच.

अनुपमा : दाबू, चाचा?

अख्तरी : ह्यायनं डोळे मिटले. दाब तू.

फोन : नांदुऱ्याच्या सर्व लोकांना कळवण्यात येतं. सहदेव किसन बोचरे आपल्यातून गेले. आज चार वाजता त्यांना राहत्या घरून नेतील. ज्यांना जमेल त्यांनी यावं.

(बाहेर चहावाला येऊन दारातच थांबतो.)

अनुपमा : चाची, मी दप्तर घेऊन त्या रस्त्यावर उभी आहे.

अख्तरी : या अल्ला.

अनुपमा : हे कोणत्याच कॅसेटीत नव्हतं. कोणी कधी भरलंच नव्हतं. साड्यांच्या सेलमधून यानं हे कसं काढलं असेल? मी असल्या मशीनबरोबर रोज काम करते, मला समजत नाही हो. खरंच समजत नाही.

अख्तरी : मी नुसतं सांगितलं. मले वाटलं नव्हतं, सांगन्यानं होईल. बेटा, हे मशीन मानसाच्या आत पाह्यते काय?

अनुपमा : कोणास ठाऊक काय पाहतं. चाचा... चाचा, पाणी देऊ?

अख्तरी : राहू दे. रडू दे त्यायले. रडाले पेटी लागत नाई.

अनुपमा : चहा आत ठेव रे. जा तू.

अख्तरी : ऐकलं ना हो? मेला नव्हता तो. उगाच विकाले काढला होता.

अनुपमा : चाचा, आता नीट ऐका, मी वकील म्हणून बोलते. कंपनीला आज सेलच्या जाहिराती पाहिजेत, ठीक आहे. पण कागदावर लिहिलंय, 'या आवाजाचे सर्व प्रकार.' म्हणजे हा आत्ताचासुद्धा. उद्या याच आवाजात ते औषध विकतील, मतं मागतील. आणि गाव विश्वास ठेवेल, कारण या आवाजानं गावाला कधी खोटं सांगितलेलं नाही.

अख्तरी : हे मान हालवून राह्यले. नाई म्हनतात.

अनुपमा : काय नाही? सही नाही?

अख्तरी : सही नाई. कागद वापस सरकवला, पाह्य.

अनुपमा : पण धंदाही बुडवायचा नाही. गाडी फिरली पाहिजे. मी माझ्या मशीनला सांगते, दुसरा करार लिही म्हणून. फक्त जाहिरातीसाठी, ठरावीक मुदतीसाठी. प्रत्येक जाहिरात आधी चाचांना ऐकवायची, त्यांनी हो म्हटलं तरच वाजवायची. मतांचा प्रचार नाही. घरातल्या बोलण्याशी कंपनीचा काही संबंध नाही. चालेल?

अख्तरी : हाव म्हनून राह्यले. दोनदा हालवली मान.

अनुपमा : झालाही लिहून. काय म्हणावं याला! फक्त ऐलान म्हणजे काय ते त्याला उमगलं नाही, 'विनामूल्य निधन-उद्घोषणा सेवा' असं घातलंय. ही ओळ खोडते आणि माझ्या हातानं लिहिते. 'मेलेल्या माणसाचं नाव या आवाजात पैशासाठी घ्यायचं नाही.' कायद्याच्या भाषेत बसत नाही, पण राहू दे तशीच.

अख्तरी : कंपनी मानन काय?

अनुपमा : आवाज हवा असेल तर मानेल. दुसरा गफ्फारभाई आणतील कुठून? हं, आणि एक राहिलंच. हे मशीनच विचारतंय, त्यांच्या करारात नव्हतं. तुमच्यानंतर हा आवाज कोणाचा? वारस म्हणून कोणाचं नाव घालू, चाचा?

अख्तरी : माह्याकडं काऊन बोट दाखवून राह्यले?

अनुपमा : तुमचंच नाव घालायचं म्हणतात.

अख्तरी : मी काय करू त्याचं? मले भोंगा थोडी फिरवाचा हाये? ... काय? असं काय पाहून राह्यले माह्याकडं? ... अस्सं. समजलं मले.

अनुपमा : काय समजलं, चाची?

अख्तरी : साऱ्या गावाची नावं ह्यायनं घेतली. आता ह्यायले वाटून राह्यलं, आपलं कोन घेईन. तर हा फोन घेईन, आन बटन मी दाबीन. हे मनात हाये ह्यायच्या. हाये ना? पाह्य, हासून राह्यले.

अनुपमा : चाची...

अख्तरी : मी सांगून ठेवते. आजवर सारी नावं मी पहिले ऐकली. तवा उतरून ऐकली. ते एक नाव मी पहिले नाई ऐकनार. बटन नाजिश दाबीन. घाल बेटा, मंग तिचं बी नाव घाल माह्यासंगं.

अनुपमा : घालते. दोघींचं घालते. आता त्या साहेबांना फोन करून सांगते, तुमचा कागद चालणार नाही, आमचा वाचून घ्या म्हणून. आत रेंज नसते, मी बाहेर जाऊन आले. चाचा, हा तुमचा फोन. चहा प्या दोघं, निवून गेला.

गफ्फार : अख्तरी.

अख्तरी : काय?

गफ्फार : साखर कमी आहे ना तुह्या चहात?

अख्तरी : अनुनं ते बदललं नाई काय वापस? जाहिरातीवर केलं नाई? ... अजून बोला. काही बी बोला.

गफ्फार : काय बोलू. चाल, घरी जाऊ. ऊन उतरलं. आज भाजीत मीठ बरोबर टाक.

अख्तरी : टाकते.

अनुपमा : चाची, साहेब म्हणाले, गाडीत बसलोच आहे, आल्यावर बोलू. नाही म्हणाले नाहीत. चाचांनी आत्ता काही म्हटलं का? मला दारातून ऐकू नाही आलं.

अख्तरी : तुले नाई, बेटा. माह्याशी बोलून राह्यले हे.